उत्तरेचा तट

"वाचा ना सूनबाई! भावाचंच पत्र आहे, लाजता कशाला?"

सासूबाई ताद्देआंनी ते पत्र जेवणाच्या मेजावर भिरकावलं, तसा द्राक्षारसाचा पेला कलंडला आणि पांढऱ्या चादरीवर लाल डाग पसरत गेला... सरदार, पाद्री, वाढपी, सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

इझोत्ताला ते पत्र पाठ होतं. शुक्रवारी सकाळी मी शहराच्या उत्तरेच्या तटावर तोफा डागणार, तो तट आतून पोकळ आहे, त्याआधी मागच्या दारानं निघून ये... खाली तिच्या भावाची, रुज्जेरोची सही.

"तट पोकळ आहे हे त्याला कळवलं कुणी? आमचं अन्न खायचं आणि माहेरी चुगल्या करायच्या!"

"आईसाहेब, मी काही कळवलं नाही. आणि हे पत्र आज सकाळी मीच ह्यांच्या हाती दिलं."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द! 'हो, तिनंच आणून दिलं,' एवढाच एक शब्द हवा होता तिला! पण मोंतालवेरोचा ड्यूक गाल्वानो मान खाली घालून पावाचा तुकडा कुसकरत राहिला.

अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. मोंतालवेरो आणि रोक्कास्पिना ह्या दोन वैरी घराण्यांनी तह केला, आणि त्या तहावरची मोहोर म्हणून सतरा वर्षांची इझोत्ता ह्या घरात आली. गाल्वानोचं मन दुसरीवर होतं. बापाच्या धाकानं त्यानं तिला सोडलं, पण त्या दुःखाचा सूड मात्र ह्या निरपराध पोरीवर उगवला. 'राणीसाहेब' म्हणायचा तो तिला. नावानं त्यानं तिला कधीच हाक मारली नाही! आणि आता तर तो तहही मोडला होता.

"हिला तळघरात कोंडा," ताद्देआ म्हणाल्या.

"कोंडू नका," इझोत्ता उठून उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. "शुक्रवारी मी त्या तटावर उभी राहते. सख्ख्या बहिणीवर दादा तोफ डागणार नाही."

"आणि डागली तर?" गाल्वानोनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

"तर मी कुणाची होते, एवढं तरी तुम्हाला कळेल!"

शुक्रवारी ऊन वर आलं तेव्हा ती दुरूनही दिसावी असा लाल झगा घालून तटावर उभी होती. खाली तुडवलेल्या द्राक्षमळ्यात तोफा मांडलेल्या. रुज्जेरो घोडा पुढे काढून ओरडला,

"इझोत्ता, वेड लागलंय का तुला? उतर खाली!"

"तू माघारी जा, दादा!"

"कुणासाठी मरतेस? तुझा नवरा तुला दारातल्या कुत्र्याइतकीसुद्धा किंमत देत नाही, साऱ्या मुलखाला ठाऊक आहे!"

तटावरच्या शिपायांनी माना वळवल्या. जिन्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या गाल्वानोनंही ते ऐकलं.

"खरं आहे ते!" ती म्हणाली. "पण माझी ओरेत्ता इथल्या मातीत आहे. चाळीस दिवसांची भाची तुझी... तिच्या थडग्यावरून तुझी घोडी जाऊ देऊ मी?"

रुज्जेरोचा आवाज एकदम उतरला. "आई अंथरुणाला खिळलीये गं. सारखं तुझं नाव घेते. चल ना घरी..."

आई! इझोत्ताच्या काळजात कळ उठली. सारं सोडून धावत सुटावं, त्या मांडीवर डोकं ठेवून एकदा मनसोक्त रडावं... तिनं दगडाची कड घट्ट धरली आणि मानेनंच नकार दिला.

रुज्जेरोनं हात वर केला आणि झटक्यात खाली आणला. तोफ गरजली! गोळा तिच्या पायाखालच्या भिंतीवर आदळला, तट हादरला, दगड निखळले. ती गुडघ्यांवर कोसळली. कपाळावरून रक्त ओघळलं... आणि पुन्हा उठून ती तिथंच उभी राहिली.

"इझोत्ता!"

ही हाक खालून नव्हती. तिनं वळून पाहिलं. गाल्वानो धापा टाकत जिना चढून आला होता.

"तुम्ही उतरा," ती कळवळून म्हणाली. "तुम्ही दिसलात की तो नक्की डागेल!"

"डागू दे." त्यानं तिचा हात धरला. "मी नीच आहे, इझोत्ता. पत्र आईला दिलं आणि तू बोलणी खात असताना गप्प बसलो..."

खाली रुज्जेरोचा हात पुन्हा वर गेला होता. सारं शिवार श्वास रोखून होतं. शत्रू नेमका समोर होता, पण त्याच्या मुठीत बहिणीची बोटं होती... किती वेळ गेला कोण जाणे! अखेर तो हात हळूहळू खाली आला, पण तोफेला इशारा न देताच.

"आजपासून तू आम्हाला मेलीस!" तो ओरडला. आवाज फाटला होता त्याचा. "आईलाही तेच सांगेन!"

तोफांची तोंडं वळली. शहर वाचलं होतं, आणि इझोत्ताचं माहेर कायमचं तुटलं होतं.

जिन्याखाली ताद्देआ पाण्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. "पोरी..." म्हणत त्या तिचं कपाळ पुसू लागल्या. इझोत्तानं पुसू दिलं.

"मला क्षमा कर," गाल्वानो म्हणाला.

"ते नंतर. आधी माझ्याबरोबर चला."

प्रार्थनामंदिरामागच्या दफनभूमीत तो गोंधळून उभा राहिला. ओरेत्ताला पुरलं त्या दिवशी तो शिकारीला गेला होता. कुठला दगड आपल्या लेकीचा, हेही त्याला माहीत नव्हतं! इझोत्तानं बोटानं दाखवला. तो गुडघ्यांवर बसला, दगडावरची वाळकी पानं त्यानं एकेक करून बाजूला केली.

मग त्यानं विचारलं, "डोळे कसे होते गं तिचे?"

"तुमच्यासारखे..." ती म्हणाली, आणि इतकी वर्षं आवरून धरलेलं रडू तिला आता आवरेना.