काळ्या आभाळातली वर्तुळं

"अहो, माझ्या नवऱ्याचं चित्र गेलं हो!"

उपनिरीक्षक प्राची मुरूडच्या त्या घरात शिरली, तेव्हा सुचिताबाई भुईवर बसून ऊर बडवत होत्या. नवऱ्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला समुद्र. नवरा गेला, पत्रा वादळात गेला. उरला होता तो एवढा एकच कागद. आता उघडलेल्या फ्रेममध्ये होती मशीनवरची नक्कल. काळ्याभोर आभाळात फिकट वर्तुळं उमटलेली.

"यानेच लांबवलं!" भाचा कुलदीप गरजला. "कागदाला बुरशी धरली म्हणून नवी फ्रेम करायला दिलं, तर यानं चित्रच बदललं!"

फ्रेमवाला हुझैफा भिंतीला टेकून हात जोडत होता. "अल्लाची शपथ मॅडम, मी न्हाय! काल अस्सल चित्रच आणून दिलं. आता कोण येईल माझ्या दुकानात? पोरींना तोंड कसं दाखवू?"

सुचिताबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

प्राचीने नक्कल भिंतीवर, चित्राच्या रिकाम्या खिळ्यापाशी धरली. समोरच्या खिडकीतून ऊन येत होतं. खिडकीला गोल नक्षीची लोखंडी जाळी.

"बाई, फ्रेम बदलायचं कुणी काढलं?"

"कुलदीपनं."

"काल भिंतीवर कुणी लावली?"

"त्यानंच. मी देवळात होते."

"हुझैफा, तुझ्याकडे असताना चित्र काचेत होतं?"

"छे! काच आधीच काढली. आत ओल धरते ना."

"कुलदीप, दारातल्या तुमच्या गाडीची चावी द्या."

"माझी? चोर तिथे उभाय!"

"चोर तो चोर, वर शिरजोर! ही वर्तुळं बघा आणि ती जाळी बघा. चित्र या भिंतीवर काचेआड होतं, तेव्हा फोटो काढलात. काचेत खिडकी दिसली, ती नकलेत छापली गेली. हुझैफाच्या हातात उघडा कागद होता, तो काचेतून फोटो कशाला काढेल? नक्कल आधीच तयार होती. मग नव्या फ्रेमचा आग्रह धरलात, म्हणजे आळ याच्यावर यावा. काल मावशी देवळात गेल्या आणि तुम्ही कागद बदललात."

कुलदीपने खिशातून चावी काढून पुढे केली. "गिऱ्हाईक मिळालं होतं," तो पुटपुटला.

गाडीच्या डिकीत, मासळीच्या पेटीखाली गुंडाळी सापडली. बर्फाच्या पाण्यानं कड भिजलेली. सुचिताबाई पदर घेऊन धावल्या.

"पुसू नका बाई, फाटंल!" हुझैफा ओरडला. त्याने कागद दोन्ही तळव्यांवर अलगद घेतला.

"वाचेल का रे?"

"वाचंल. पण दुकानात न्यावा लागंल." तो अडखळला. "देता माझ्याकडं?"

सुचिताबाईंना हुंदका आवरेना. "तुझ्याकडे नाही तर कुणाकडे देऊ, बाबा?"