हजेरी न देणारा भोंगा

खाडीला भरती नेहमीच्या वेळी आली. पण दांड्यावरचा (खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावरचा) भरतीचा इशारा देणारा भोंगा वाजला नाही. त्याचा घट (वीज साठवणारे उपकरण) भरलेला होता, तारा शाबूत होत्या. बाकीचे भोंगे कान किटेपर्यंत वाजले. मग हा एकच गप्प का राहिला?

तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढायला उतरलेली हौसाकाकू कमरेइतक्या पाण्यात अडकली. स्वयंचलित होडी वेळेवर पोहोचली म्हणून निभावले. ओल्या अंगानेच ती भरतीचे भोंगे चालवणाऱ्या केंद्रात आली.

"काय गो बाय, तुमचो भोंगो उपास धरून बसलो काय?"

ती हसत होती. ते हसू शाल्मलीला रागापेक्षा जड गेले. तेरा वर्षांची शाल्मली आणि तिचे शास्त्रज्ञ आजोबा वामनराव मिळून भोंग्यांची आज्ञावली (यंत्राला दिलेल्या क्रमवार सूचना) सांभाळत. ही आज्ञावली रोज पहाटे बिनतारी लहरींनी भोंग्यांकडे जाई. कालच शाल्मलीने तिच्यातला जुना भाग मोठ्या ऐटीत छाटला होता.

"आजोबा, हे माझ्यामुळे झालं," ती पुटपुटली.

"रडायचं तर रड; पण काय केलंस ते क्रमाने सांग."

"आज्ञावलीच्या भाषेच्या दोन आवृत्त्या आहेत. जुनी आणि सुधारलेली. दोन्हींसाठी प्रत्येक सूचना दोनदा लिहायची, दोनदा तपासायची. शिवाय जुन्या आवृत्तीतले दोष तिचे निर्मातेही आता दुरुस्त करत नाहीत. म्हणून मी तिचा आधार काढला, म्हणजे तिच्यासाठीच्या सूचना काढून टाकल्या."

"कारणं रास्त आहेत. पण ती कोणी वापरत नाही, हे कशावरून ठरवलंस?"

"भोंगे रोज हजेरी पाठवतात. जुन्या आवृत्तीची एकही हजेरी नव्हती."

"हजेरी पाठवायची सोय कोणत्या आवृत्तीत आली?"

शाल्मलीचे कान तापले. "नव्या... म्हणजे दांड्यावरचा जुना भोंगा हजर असूनही 'हजर' म्हणूच शकत नव्हता, आणि आजची आज्ञावली त्याला कळलीच नाही!"

"आणि तो आकडा पाहून मीही मान डोलावली," आजोबा हळूच म्हणाले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"मग जुनं जन्मभर सांभाळायचं का?"

"छे! तसं केलं तर नवं काही घडणारच नाही. मात्र आधी वापरणारे शोधायचे, तेही प्रत्यक्ष जाऊन. मग आधार कधी थांबणार ती तारीख सर्वांना सांगायची. तोवर त्यांची यंत्रं बदलून द्यायची. ज्याचं यंत्र राहून गेलं, त्याच्याकडे नवी आज्ञावली पाठवायचीच नाही; त्याला कळणारी शेवटची तशीच ठेवायची."

हौसाकाकू पदर पिळत उभी होती. शाल्मली तिच्यासमोर गेली.

"काकू, भोंग्याची काही चूक नव्हती. तो चालू आहे की नाही, हे बघायला मी एकदाही दांड्यावर आले नाही. आजच जुना भाग परत जोडते. नवा भोंगाही बसवू. पण तुम्ही तो स्वतः ऐकल्याशिवाय जुन्याचा आधार काढणार नाही."

काकूचे हसू मावळले. "मगे परवाच्या सुकतीक (ओहोटीला) ये. तवसर (तोवर) मी काय पाण्यात पाय घालूचंय नाय."

"येते," शाल्मली म्हणाली. काकूच्या नजरेला नजर देणे तिला अजून जमले नाही. ती वळून यंत्रापाशी बसली आणि छाटलेली पहिली ओळ तिने परत जागेवर ठेवली.