मात्रा लागू पडली

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली भर दुपार. सोलापूरच्या गुरांच्या दवाखान्यात एक मुलगी बुट्टी छातीशी धरून शिरली, तेव्हा रांगेतल्या म्हशींनीसुद्धा माना वळवून पाहिलं. बुट्टीतून बारीक, केविलवाणं ‘म्यांव’ येत होतं.

“आगं पोरी, हितं बैलं-म्हशी आणत्यात,” आपल्या म्हशीचं दावं सावरत वळसंगची शिवबाई म्हणाली. “मांजराला कुटं डाक्टर असतोय व्हय?”

“मरायलीय ओ मावशी... सकाळपासनं अडलीय.”

शिवबाईचा चेहराच बदलला. “बाळातपण हाय व्हय? मग फुडं जा की! बाळातपणाला नंबर नसतोय.” आणि तिनं स्वतःची म्हैस बाजूला ओढून वाट करून दिली.

अशी राजमणी येमूल थेट डॉक्टरच्या टेबलाशी येऊन पोचली. डॉक्टर नवा होता. ज्ञानदेव त्याचं नाव, वेळापूरकडच्या धनगराचा मुलगा, मुंबईला शिकून नुकताच इथं लागलेला. मांजर बघून हा आता हसणार, अशी तिची खात्री होती. तो हसला नाही. बाह्या वर सारत त्यानं विचारलं, “नाव काय?”

“राजमणी.”

“मांजराचं विचारलं.”

राजमणीचे कान तापले. “मल्ली,” ती पुटपुटली.

भद्रावती पेठेत येमूलांच्या घरी चादरीचे यंत्रमाग होते. सुताला खळ लावलेली असते आणि खळीच्या वासानं उंदीर येतात. एका रात्रीत ताण्याची, मागावरच्या उभ्या सुताची, वाट लावतात. मल्ली म्हणजे त्या घरातली बिनपगारी रखवालदार. पण राजमणीला ते काही नव्हतं. तिनं मल्लीला बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं, आणि आज ती डोळ्यांदेखत निघाली होती.

डॉक्टरनं हात स्वच्छ धुतले, बोटाला ग्लिसरीन लावलं. “तुम्ही तिचं डोकं धरा. बोलत राहा तिच्याशी.”

“काय बोलू?”

“रोज बोलता तेच. माझा आवाज तिच्या ओळखीचा नाही, तुमचा आहे.”

राजमणी मांजराच्या कानाशी तेलुगूत बोलू लागली. कामावरची नजर न हलवता डॉक्टरनं विचारलं, “काय सांगताय तिला?”

“डाक्टर चांगलाय म्हणून सांगायलेय.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माहीत नाही. धीर द्यायला खोटं बोलायलेय की!”

आता मात्र तो हसला. गालाला खळी पडली. मांजर मरायला टेकलेलं असताना आपण खळी बघतो आहोत, म्हणून राजमणीनं मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या.

पिल्लू आडवं आलं होतं. त्यानं ते अलगद फिरवलं, थोडं थांबला, मल्लीनं कळ दिली तसं बाहेर घेतलं. लुळं, निळसर. राजमणीनं डोळे मिटून घेतले. त्यानं पिल्लाच्या तोंडावरचा पडदा काढला, टॉवेलात घेऊन ते चोळत राहिला, चोळत राहिला... आणि एक इवलंसं ‘म्यूं’ ऐकू आलं. त्याच्या मागून आणखी दोन सरळ आली. मल्ली तिघांना चाटू लागली.

राजमणीचे डोळे भरून आले. काहीतरी म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या घरात कोणी कोणाला थँक्यू म्हणत नसे. उपकार फार झाले की माणसाला जेवायला बोलवायचं, एवढीच रीत. तिच्या तोंडून निघून गेलं, “घरी जेवायला या!”

म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

“पेशंट बघायला येईन,” डॉक्टर हात पुसत म्हणाला. “त्यात जेवण मिळालं तर नको म्हणणार नाही.”

खरंच आला की तो! सायकलवर, बॅग हँडलला अडकवून. राजमणीची आई कमलम्मा दारात उभी राहिली. लग्न होऊन सोलापूरला आली त्याला जमाना झाला, पण तिचं मराठी बाजारापुरतं. ‘केवढ्याला’ आणि ‘नको’ यांच्या पुढं कधी गेलंच नाही. डॉक्टरला बघून तिनं दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवले आणि म्हणाली, “सल्लगुंडु बिड्डा!”

“काय म्हणाल्या?” डॉक्टर मागांच्या खडखडाटात ओरडला. त्या घरात ओरडूनच बोलावं लागे.

“थंड राहा म्हणाली!”

“सोलापुरात? मे महिन्यात?”

“आशीर्वाद हाय ओ तो! फार बरं वाटलं की असंच म्हणतात आमच्यात.”

“मग मी राहतो थंड,” तो म्हणाला, आणि राजमणीकडं बघून घाम पुसायला विसरला.

जेवताना कमलम्मानं मुलीला कोपरानं ढोसलं. याची बायको काय करते, विचार म्हणाली. राजमणी डॉक्टरला म्हणाली, “आई विचारतेय, पिल्लांना गाईचं दूध चालेल का?”

डॉक्टरनं घास खाली ठेवून सविस्तर सांगितलं. पिल्लांना सध्या आईचंच दूध, आणि आईला भरपूर खाणं. दात आले की मऊ भात-मासळी. गाईच्या दुधानं पोट बिघडतं. कमलम्मा एवढं लांब उत्तर ऐकून चकितच झाली. “काय म्हणतोय?”

“लग्न नाही झालेलं म्हणतोय,” राजमणीनं तेलुगूत ठोकून दिलं. खरं निघालं ते नंतर, पण त्या वेळी तिनं आपली इच्छाच सांगितली होती.

वडील नरसय्या अबोल माणूस. जन्म मागापुढं गेलेला, बोलून ऐकणार कोण? त्यांचा जीव दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्यावर. मागांच्या आवाजानं की वयानं, बहिरंच झालं होतं ते. डॉक्टर त्याच्यापाशी बसला, तसे नरसय्या म्हणाले, “त्याचं वय झालं साहेब. त्याला काय बघायचं?”

“वय झालं म्हणूनच बघायचं,” तो म्हणाला. त्यानं दात तपासले, सांधे दाबून पाहिले. हाडं बंद करायला सांगितली, भाकरी ताकात भिजवून द्यायला सांगितली, खाली जाड गोणपाट घालायला सांगितलं. डॉक्टर निघाला तेव्हा त्याची सायकल नरसय्यांनी स्वतःच्या उपरण्यानं पुसून दिली.

मग काय विचारता! बाळपणी जंत, तरुणपणी बाळंतपण, म्हातारपणी दात, शिवाय पिसाळू नये म्हणून लस. कुत्र्यामांजरांच्या आयुष्यात डॉक्टरनं यावं अशी निमित्तं पुष्कळ, आणि ज्ञानदेव डॉक्टर त्यातलं एकही सोडत नव्हता. राजमणी ओसरीवर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसे. तो आला की दोरा हमखास तुटे.

“तुमचा दोरा फार तुटतो,” एकदा तो म्हणाला.

“तुम्ही नसता तेव्हा नाही तुटत.”

“मग येऊ नको का?”

“...दोरा काय, जोडता येतो की.”

एवढंच. याच्या पुढं दोघांचीही गाडी जात नव्हती. आणि आषाढात कमलम्मानं एक दिवस चहाचा कप त्याच्यापुढं ठेवता ठेवता काहीतरी सांगितलं, त्यातला एक शब्द डॉक्टरनं नेमका टिपला.

“भिवंडीचं काय म्हणाल्या?”

राजमणीनं मान खाली घातली. भिवंडीला तिचा मामा होता. नारळी पौर्णिमेला विणकरांच्या मार्कंडेय देवाचा रथ बघायला तो येणार होता, आणि आपल्या मुलासाठी राजमणीचा शब्द घेऊन जाणार होता. मामाच्या घरी मुलगी देणं म्हणजे घरातल्या घरात देणं. आईला त्यात वावगं काय दिसणार? राजमणीला तिथं जायचं नव्हतं. पण ‘नाही’ म्हणायला काही कारण लागतं, आणि जे कारण होतं ते समोर बसून चहा पीत होतं.

“भिवंडीच्या मामाकडं देणार मला. पौर्णिमेनंतर मी इथं नसेन बहुतेक,” ती म्हणाली. “मग मल्लीचं बघायला आलात तर आईशी बोलणार कसं?”

त्यानं कप खाली ठेवला. राजमणीनं मान वर केली. आता म्हणेल... जाऊ नका, एवढं तरी म्हणेल!

“मग... मलाच तेलुगू शिकायला पाहिजे,” तो म्हणाला.

राजमणी घरात निघून गेली. अशा माणसाला कुठल्या डॉक्टरला दाखवावं, तिला कळेना.

बिचारा शिकत मात्र होता. दवाखान्यातला कंपाउंडर गुरुलिंग मूळचा अक्कलकोटचा, घरात कन्नड बोलणारा. त्याला तेलुगू जेमतेम, पण गुरू मिळाला तो असा. ‘मी मांजरासाठी आलोय’ हे वाक्य डॉक्टर सायकलवर घोकत असे. नेनु पिल्ली कोसम वच्चिना. पिल्ली म्हणजे मांजर.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा श्रावणातली भुरभुर चालू होती. आत मामा पाटावर बसलेला, समोर ताटात नारळ, पानसुपारी, हिरवं लुगडं. माग धडाधडा चाललेले. राजमणी खांबाला टेकून उभी, रडून डोळे सुजलेले. डॉक्टरनं ते ताट पाहिलं आणि त्याचं चित्त उडालं. पण तोंडात वाक्य तयार होतं. त्यानं छाती भरून घेतली आणि मागांच्या आवाजावर आवाज चढवून तो कमलम्माला ओरडला,

“अम्मा! नेनु पेल्ली कोसम वच्चिना!”

नेमकी त्याच क्षणी वीज गेली. माग थांबले. त्या अचानक पडलेल्या शांततेत ‘पेल्ली’ हा शब्द आढ्याला जाऊन आपटला.

कमलम्माच्या हातातला तांब्या कलला. “एवरि पेल्ली?” ती कशीबशी म्हणाली. “अडुगु!” विचार त्याला, अशी तिनं लेकीला खूण केली.

एवढे दिवस राजमणीनं आईचं बोलणं हवं तसं फिरवून सांगितलं होतं. आज दोन्ही भाषा जाणणारा मामा समोर बसला होता. “आई विचारतेय,” ती हळूच म्हणाली, “कोणाचं लग्न?”

“लग्न? मी मांजर म्हणालो!”

“मांजर म्हणजे पिल्ली. तुम्ही पेल्ली म्हणालात. लग्नासाठी आलोय म्हणालात.”

वेलांटीच्या जागी मात्रा पडली होती! डॉक्टर मानेपासून कानापर्यंत लाल झाला. मामा मांडीवर थाप मारून हसला, “चुकलं बिचाऱ्याचं! बरं, बघा तुमचं मांजर.” आणि त्यानं नारळाचं ताट पुढं सरकवलं. राजमणीनं खांब घट्ट धरला. झालं. आता हाही हसेल, ‘चुकलं’ म्हणेल, आणि आपली पाठवणी होईल.

ज्ञानदेव हसला नाही. त्यानं ताटाकडं पाहिलं, राजमणीच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. आणि मुंबईत शिकलेलं सगळं शुद्ध मराठी गळून पडलं.

“सांगा त्यास्नी,” तो म्हणाला, “शब्द चुकला... माणूस चुकला न्हाय.”

राजमणीला ते तेलुगूत सांगता येईना. शेवटी थांबलेल्या मागापासून नरसय्या पुढं आले आणि त्यांनीच बायकोला सांगितलं. मग डॉक्टरकडं वळले. “जात?”

“धनगर. आई-बाप मेंढरं राखत्यात.”

नरसय्यांनी हातावरचं सूत झटकलं. “लोकर तुमची, सूत आमचं,” ते म्हणाले. “ह्यात न जमायसारखं काय हाय?”

“वा भावजी!” मामा भडकला. “मी भिवंडीहून काय जेवायला आलो?”

“जेवून जा की. पुरणपोळी हाय.”

कमलम्मा मटकन खाली बसली. तिला भावाचं तोंडही बघवेना आणि मुलीचंही. अडल्या वेळी धावून आलेला हा मुलगा तिला आवडत होता, फार आवडत होता, पण जावई म्हणून तिनं त्याच्याकडं कधी पाहिलंच नव्हतं. मामा आणि नरसय्या एकमेकांवर चढ्या आवाजात बोलू लागले. डॉक्टरनं दोन्ही हात जोडले तसे ते गप्प झाले.

“समदे बोलले,” तो म्हणाला. “ह्यांना कुनी इचारलंच न्हाय.” आणि राजमणीकडं वळला. “तुमचं काय म्हणणं?”

राजमणी त्याच्याकडं बघतच राहिली. मांजराला जीवदान दिलं याबद्दल, म्हाताऱ्या कुत्र्यापाशी बसला याबद्दल, आईचे आशीर्वाद समजून घ्यायला धडपडला याबद्दल ती त्याची ऋणी होतीच. पण आत्ता, या तीन शब्दांसाठी, तिला त्याचे पाय धरावेसे वाटले. आजवर तिनं सगळ्यांचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं होतं. तिचं म्हणणं कोणी मागितलं नव्हतं.

तिनं आधी आईकडं पाहून तेलुगूत सांगितलं. कमलम्मानं पदर तोंडाला लावला आणि होकारार्थी मान डोलावली.

“काय म्हणालात?” ज्ञानदेवनं विचारलं.

“मला तुमीच पायजे की,” राजमणी म्हणाली.