चावलेली बी

कॉफी वाळली की नाही, हे आमच्या घरात दातांनी ठरायचं. धुतलेल्या बिया जाळीच्या माचांवर पसरायच्या, दिवसातून चारदा हाताने परतायच्या आणि दुपारी ह्यांनी एक बी चावून माचाच्या कडेला ठेवायची. दात रुतला तर ओली, टणक लागली तर पोती काढा. ते काम ह्यांचंच. माझे दात हळवे. सव्वीस वर्षांत मी एकही बी चावली नाही. तशी दातांच्या बाबतीत आमची जोडी देवाने घाईतच जमवली होती. ह्यांचा पुढचा एक कमी, माझा एक जादा, शेजाऱ्याच्या पाठीवर चढून बसलेला.

ह्यांच्या मागे हे पहिलंच पीक. मुलीने फोनवर ठरवूनच टाकलं, "आई, कॉफी वाळली की घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं." मी बरं म्हटलं. माझं बोलणं ऐकून भिंतीही कंटाळल्या होत्या.

बिया पसरल्याच्या तिसऱ्या दिवशी जेवून मागच्या अंगणात आले, तर माचाच्या कडेला एक बी. चावलेली. खार असेल, म्हटलं. पण खारीला बी नीट मांडून ठेवायची शिस्त कुठली? उजेडात धरून पाहिली. दातांच्या व्रणांमध्ये एकाच दाताची जागा कोरी होती.

मी ती पदराने पुसून डब्यात ठेवली.

मग रोज एक. रोज व्रण उथळ होत गेला. दहाव्या दिवशी तर तो नखाने चाचपावा लागला. उद्या टणक लागणार, पोती भरणार, कुलूप लागणार.

त्या संध्याकाळी मी झारी भरली आणि सगळ्या माचांवर पाणी शिंपडलं. चार थेंब आले तरी ताटावरून उठून ताडपत्री ओढायला धावणारी बाई मी.

दुसऱ्या दिवशी व्रण खोल होता. बऱ्याच दिवसांनी मी हसले.

आठवडाभर हेच चाललं. व्यापारी आला, मूठभर बिया हुंगताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वहिनी, पाऊस नाही, दव नाही. हिला बुरशीचा वास कसा?"

झाकायला विसरते, वय झालं, असं काहीतरी मी सांगितलं. आणखी दोन दिवस असंच राहिलं तर फुकटही नेणार नाही, म्हणाला. मुलीनेही कळवलं, परवा न्यायला येते, वाळो न वाळो.

तरी काल मी झारी भरली.

आज दुपारी कडेला दोन बिया होत्या, एकमेकींना खेटून.

एकीवर ती कोरी जागा.

दुसरीवर सगळे दात होते. आणि एक जादा.

घरात फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला.

मी जिभेने दात चाचपले. चढलेल्या दाताच्या फटीत टरफलाचा एक कण होता, ओला.