उलटं न फिरवलेलं रीळ

हातखंब्याच्या अलीकडे, कलमांच्या बागेला लागून अयूबचाचाचं चिऱ्याचं घर. दुपारची जेवणं आटोपली होती. संध्याकाळी वेदिका रीळ न्यायला येणार, तोवर ते धड चालतं का एवढंच बघायचं होतं. चाचानं खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या, भिंतीला हफीजाची, त्याच्या गेलेल्या बायकोची, पांढरी चादर लावली आणि सिनेमाचं मशीन सुरू केलं.

त्याचा जन्म तंबूतल्या सिनेमात गेला. तंबू कायमचा उतरला तेव्हा शेठनं त्याला हे मशीन दिलं, आणि हे एक रीळ. अमेरिकेतलं, मुकं. त्यातली बाई धावत्या गाडीवरून उडी मारते, आगीतून पळते, शेवटी बर्फाच्या नदीत पडते. मग एक पुरुष तिला उचलून काठावर आणतो आणि खेळ संपतो. चाचा तिला मॅडम म्हणायचा.

तिचं नाव नेली, हे मागच्या खेपेला वेदिकेनं सांगितलं. ही रत्नागिरीचीच पोर, पुण्यात जुनी चित्रं जपायच्या कामात होती.

"पहिल्यांदा कंपनी तिचं नावसुद्धा लावत नव्हती, चाचा. नदीत खरोखर उतरवायचे तिला. छातीत सर्दी बसली ती निघालीच नाही. मग बोलपट आले, आवाज घोगरा म्हणून काढून टाकली. पुढं गर्दीतल्या बायकांत रोजावर उभी राहायची. भाड्याच्या खोलीत गेली."

"सुटली म्हणायची."

"आता संगणकावर घेतली की मरायचीच नाही. जगात कुठेही, कधीही पळेल."

"अजून पळायचंच?" चाचा म्हणाला होता, आणि वेदिका हसली होती.

चादरीवर नदी आली. पुरुषानं मॅडमला काठावर ठेवलं. इथं काळोख व्हायचा. आज झाला नाही. मॅडम उठून बसली, केस पिळले आणि चादरीतून सरळ चाचाकडे बघत राहिली. खोलीत ओल्या लोकरीचा वास आला. मग रीळ संपलं, आणि सुटलेलं टोक मशीनवर फटफट वाजत राहिलं.

शेठचा एक दंडक होता. खेळ संपला की आधी रीळ उलटं फिरवून पहिल्यावर आणायचं, मग जेवायचं. माणसांना शेवटावर टाकून झोपू नये, म्हणायचा. चाचानं तो कधी मोडला नव्हता. सवयीनं त्यानं रीळ चढवलं आणि दांडा धरला.

दांडा हलेना. त्याच्या हातावर दुसरा हात होता, ओला. कानाशी कुणी काही बोललं... इंग्रजी असावं. चाचाला अक्षर कळलं नाही, पण सूर कळला. शेवटच्या दुखण्यात सुई घेऊन नर्स आली की हफीजा याच सुरात म्हणायची, पुरे आता.

चाचानं दांडा सोडला. रीळ तसंच डब्यात ठेवलं.

संध्याकाळी डबा देताना तो म्हणाला, "उलटं फिरवू नको गो, बाय."

"न फिरवता बघू कशी?"

"तेच सांगतोय. बघू नको."

"म्हातारपणी जीव जडला वाटतं," असं चिडवत वेदिका गाडीत बसली.

त्या दिवसापासून हफीजाच्या रिकाम्या खाटेवर गादीला खळगा पडलेला असे, आणि उशी ओली. चाचानं कुणाला सांगितलं नाही. त्यानं हफीजाची गोधडी काढून खळग्यावर पांघरली आणि पंखा हळू केला. दमलेल्या माणसाला काय विचारायचं?

मग एका सकाळी वेदिकेचा फोन आला.

"चाचा, रीळ शेवटावरच आहे. टोकाची चित्रं उजेडात धरून बघितली. त्यात बाई नाहीच. तो पुरुष नुसतेच हात पुढं करून उभा आहे. तुमच्याकडे असंच होतं?"

चाचा खाटेकडे बघत होता.

"थांबा हां, उलटं फिरवून पहिल्यापासून बघते. ओमकार, लाव रे..." तिनं हाताखालच्या पोराला सांगितलं.

"नको, पोरी..."

फोनमधून रिळाची घरघर येऊ लागली. खाटेवरची गोधडी हळूहळू सरकली. चाचानं फोन टाकला आणि दोन्ही हातांनी गोधडीचं टोक धरलं. पलीकडून ओढ वाढत गेली. तो म्हातारा माणूस, पाय घसरत होते, पण त्यानं सोडलं नाही.

मग पलीकडूनही कुणी घट्ट धरलं. गोधडी नव्हे, त्याचं मनगट. बोटांवरून पाणी गळत होतं. आणि आपल्याकडचं पाणी, भर थंडीत पहाटेच्या विहिरीचं घेतलं तरी, कधी इतकं गार नसतं.