घोडा कोणी ओढला?

चैतूला फासावर चढवायला तीन शब्द पुरणार होते, आणि ते नथ्थूने स्वतःच्या हाताने लिहिले होते.

‘घोडा मी ओढला.’

नथ्थू ठाण्यातला मुन्शी. अक्षर मोत्यासारखं, अक्कल बेताची, असं सगळे म्हणत, तोही म्हणे. पण लिहिल्यापासून तो कागद तो पुन्हा पुन्हा काढून वाचत होता. चैतूची बायको शकुबाई ठाण्याच्या पायरीवरून हलत नव्हती. शेवटी त्यानेच गोंडपिपरीच्या जाफरला निरोप धाडला. जाफर आधी बंदुका दुरुस्त करायचा. आता लोकांच्या भानगडी निस्तरायचा.

“कोण मेलं?” जाफरने टांग्यातून उतरताच विचारलं.

“बापूजी,” नथ्थू म्हणाला. “जुने मालगुजार, गावचे जमीनदार. मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली, पण ऐट नाई गेली. घोड्यावर बसून जंगल पाहाले निघाले होते. पुढं लगाम धरून चैतू. नाल्यापाशी बार झाला, छातीत छर्रे. बाजूले त्यायचीच भरमार पडली होती.”

भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची आणि बार उडवायला मागे तांब्याची स्फोटक टोपी बसवायची जुनी बंदूक. जाफरने अशा शेकड्याने उघडल्या होत्या.

“अन् चैतूनं कबूल केलं?”

“ठाणेदार सायेब जबलपूरकडचे. त्यायनं विचारलं, ‘घोडा किसने खींचा?’ चैतू म्हणे, ‘मीनं ओढला.’ मीनं लिहिलं, अंगठा घेतला. तोही धड उठला नाई. दोन्ही पंजे सोलून निघाले होते त्याचे.”

“मारलं तुम्ही?”

“मारलं. पण मंग, पाठीवर. पंजे पहिलेच सोललेले होते.”

उद्या चैतूला चांद्याच्या कोर्टात न्यायचं होतं. हाती एकच दिवस होता.

कोठडीत चैतू भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“भरमार चालवता येते तुले?” जाफरने विचारलं.

“येते ना. टोपी बसवाची, घोडा चढवाचा, चाप दाबाचा.”

“त्या दिवशी काय ऐकलं?”

“झाडीतून टक्क झालं. मंग बार.”

“बंदूक कुठी होती?”

“बापूजींच्या डेऱ्यावर, घरात. खुंटीले.”

“हे सायबाले काऊन नाई सांगितलं?”

चैतूने पहिल्यांदा मान वळवली. “कोनं इचारलं?”

बापूजींचा पुतण्या गुणवंतराव डेऱ्यावरच भेटला. डोळे कोरडे, धोतर परीटघडीचं.

“मले बंदुकीतलं काही समजत नाई, जाफरभाई. जन्मात हात नाई लावला.”

“तुम्ही कुठी होते?”

“इथीच. नाला इथून पाव कोस. बार ऐकला अन् धावत गेलो.”

“एकच बार?”

“एकच. त्या नमकहरामाले बापूजी धानाची बांधी लिहून देणार होते! कसतो म्हणून!”

“तुम्हाले पसंत होतं?”

“घरची जमीन गोंडाले गेलेली कोणाले पसंत राहील? अन् त्यानं पांग असे फेडले. पहिली टोपी फुसकी गेली तवाच हात आवरला असता, तरी म्हातारा वाचला असता.”

“खरं हाय,” म्हणत जाफरने त्याला बिडी दिली.

नथ्थूसोबत नाल्यावर गेलेला जाफर घोड्याच्या खुरांच्या उधळलेल्या खुणा बघत राहिला. मग वीस पावलांवरच्या कुड्याच्या झुडपात शिरला आणि पालापाचोळा चिवडू लागला. बऱ्याच वेळाने तांब्याची एक टोपी घेऊन बाहेर आला. चेपलेली, पण न फुटलेली.

“तुमच्या पंचनाम्यात टोप्या किती, नथ्थूभाऊ?”

“एक. बंदुकीवरची. फुटलेली.”

संध्याकाळी ठाणेदाराने गुणवंतरावाला खुर्ची दिली. जाफर उभाच राहिला.

“सायेब, हिंदीत घोडा म्हणजे काय?”

“जिसे खींचो तो गोली चले. बच्चा भी जानता है.”

“इथले भरमारवाले त्याले चाप म्हणतात. त्यायचा घोडा म्हणजे वरचा, टोपीवर आदळणारा. तो चढवतात. ओढतात तो चार पायांचा! बार झाला, जनावर उधळलं, चैतूनं दोन्ही हातांनी लगाम ओढला. पंजे त्यानं सोलले. लगामही दोन हातांचा, भरमारही दोन हातांची. चार हात नाईत त्याले.”

“तो फिर किसने मारा?”

जाफरने टोपी टेबलावर ठेवली.

“ही झाडीत सापडली. पहिली टोपी फुसकी गेली, मारणाऱ्यानं दुसरी बसवली. चैतूनं तो ‘टक्क’ ऐकला, पण कोणी त्याले विचारलं नाई. पंचनाम्यात ही टोपी नाई. पाव कोसावर ‘टक्क’ ऐकू जात नाई. मंग बंदुकीले हात न लावलेल्या गुणवंतरावांनी आज सकाळी मले कसं सांगितलं, की पहिली टोपी फुसकी गेली? डेऱ्यावरची बंदूक उचलून झुडपात कोण बसलं होतं, अन् चैतू घोडा आवरत होता तवा ती बापूजींपाशी कोणी टाकली?”

गुणवंतराव ताडकन उठला. “एका गोंडाच्या शब्दावर मले—”

“गोंडाच्या नाई. तुमच्याच शब्दावर.”

ठाणेदाराने कोपऱ्यात लिहायला बसलेल्या नथ्थूकडे पाहिलं. “बयान तो बयान है. मुन्शी ने सही लिखा है. क्यों नथ्थू? सोच के बोलना, नौकरी का सवाल है.”

नथ्थूने कोरा कागद ओढला, दौतीत टाक बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं:

“सायबांनी बंदुकीचा घोडा विचारला. चैतूने बापूजींचा सांगितला. त्याच वेळी माझ्या ध्यानात आले होते. भीतीपोटी मी बोललो नाही.”

खाली सही केली.

“तुमचा निरोप आला तवाच मले समजलं होतं,” जाफर हळूच म्हणाला.

चार माणसांसमोर लिहिलेला कागद गिळता येत नाही. ठाणेदाराने गुणवंतरावाला आत घ्यायला सांगितलं, चैतूला सोडायला सांगितलं आणि नथ्थूला पट्टा काढून ठेवायला.

चैतू पाठीत वाकून बाहेर आला. शकुबाईने त्याचा हात खांद्यावर घेतला. नथ्थू बिनपट्ट्याचा पायरीवर उभा होता.

“चैतू, तो कागद मीनं लिहिला होता.”

“मालूम हाय,” चैतू म्हणाला. “माझी बोली समजनारा त्या खोलीत तू एकलाच होता. म्हनून सारा वेळ मी तुह्याच तोंडाकडे पाहून राह्यलो होतो.”

आणि तो बायकोच्या आधाराने पायऱ्या उतरू लागला.