शनिवारची चाळणी

निर्झर जलशुद्धी कंपनीच्या नागपूर कार्यालयात डॉ. प्रणोती खोब्रागडे हिची मुलाखत सुरू होती, आणि प्रणोती स्वतः बाहेर बाकावर बसून होती. काचेच्या बंद दारातून तिला तिचाच आवाज ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते. पण वाक्याच्या शेवटी किंचित वर चढणारा सूर, उत्तरापूर्वीचा तो बारीकसा अडखळा, सगळे तिचेच होते. आत कोणीतरी मोठ्याने हसले. तिच्याच एखाद्या विनोदावर हसले असावे. तो विनोद कोणता, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

"ताई, ताक आणू?" स्वागतकक्षातल्या मुलीने विचारले. "आतलं अजून चालू आहे. मस्त चाललंय म्हणे तुमचं."

"माझं?"

"म्हणजे तिचं," मुलगी ओशाळली. "पण ती म्हणजे तुम्हीच ना?"

या प्रश्नाचे उत्तर त्या काळात कोणाकडेच नव्हते. पीएच.डी.चा प्रबंध सादर करताना संशोधकाने सोबत आपली 'विद्याप्रतिमा'ही सादर करावी, असा नियम विद्यापीठांनी केला होता. प्रयोगांच्या नोंदी, यंत्रांची मापने, मार्गदर्शकांशी झालेल्या चर्चा, परिसंवादांतली भाषणे, हे सारे संगणकाला भरवून त्या माणसाच्या विचारशक्तीची एक बोलती प्रतिकृती घडवली जाई. प्रश्न विचारावा आणि संशोधकाच्याच आवाजात, त्याच्याच तर्काने उत्तर यावे. विद्या वाया जाऊ नये, हा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूंचे पुढे काय होते, हे पाहायला हेतू बाळगणारे सहसा थांबत नाहीत. प्रतिमेला खुर्ची लागत नाही, रजा लागत नाही, तिचे लग्न ठरत नाही. विद्यापीठे प्रतिमा भाड्याने देऊ लागली आणि कंपन्या आधी तिचीच मुलाखत घेऊ लागल्या. तिच्यात काही उणे आढळले, तरच माणसाला आत बोलावणे येई. संशोधक मुले आपापल्या प्रतिमेला 'जुळी' म्हणत. थट्टेने ठेवलेले हे नाव आता कोणी थट्टेने घेत नव्हते.

दार उघडले. कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख अभिजात देवतळे स्वतः बाहेर आले.

"या डॉक्टर, बसा. तुमची जुळी अप्रतिम आहे हो. आम्ही तिला घेतोय."

आत बसत प्रणोतीने मान डोलावली. अभिनंदन कोणाचे झाले, हे न कळूनही माणूस सवयीने मान डोलावतो.

तिचा विषय होता पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड. चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत जमिनीतले पाणी दात पिवळे करते, हाडे वाकवते. प्रणोतीने जीवाणूंचा एक पातळ थर, ज्याला ती 'पटल' म्हणे, असा वाढवला होता की पाणी त्यावरून वाहत गेले की फ्लोराइड त्यात अडकून राही. वीज नको, रसायन नको. निर्झर कंपनी पुढल्या आठवड्यापासून हे पटल गावोगावच्या टाक्यांत बसवणार होती.

"एकाच ठिकाणी ती जरा थांबली," देवतळे म्हणाले. "मी विचारलं, आमच्याकडच्या मे महिन्यात हे पटल टिकेल का? म्हणाली, टिकेल. पण क्षणभर थांबून म्हणाली. तिला माहीत नाही असं काही तुम्हाला माहीत आहे का? असेल तर तुमच्यासाठीही जागा काढता येईल. पूरक संशोधक म्हणून. कायम."

त्या खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द जुळीच्या ज्ञानात जमा होत होता. भाडेकरारातच तशी अट होती. येथे सांगणे म्हणजे जुळीला देणे. आणि जुळीला दिल्यावर 'तिला माहीत नाही असे' काय उरणार?

"मला थोडा विचार करू द्या," ती म्हणाली.

"जरूर. पण टाक्या सोमवारी बसतात," देवतळे म्हणाले.

*

"काहून गप्प बसली तू?" तिची मैत्रीण निखत शेख हिने तर्रीत बुडालेल्या पोह्यांचा घास हातातच धरून विचारले. पदार्थविज्ञानाची ही पीएच.डी. तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत असे. म्हणजे शिकवलेल्या तासापुरती ती प्राध्यापक होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणीच नव्हती. "असं आहे का तुझ्याकडे काही, जे तिच्याकडे नाही?"

"आहे. एक फसलेला प्रयोग."

"फसलेला?" निखत खळखळून हसली. "बाई, जगात पहिल्यांदा कोणाला फसलेल्या प्रयोगावर नोकरी मिळतेय!"

पण प्रणोती हसली नाही, तेव्हा निखतने द्रोण खाली ठेवला.

"ऐक. मी माझ्या जुळीत सगळं ओतलं. इमानदारीनं. आज ती बंगळुरात तीन कंपन्यांत आहे आणि मी इथं मुलांना विचारतेय, सगळ्यांची हजेरी झाली का? आपल्यापुढे रस्ते किती, तूच मोज. तासिका. स्पर्धा परीक्षा, तिची वयोमर्यादा तुझी गेली. परदेशी जायचं, तर तिकडेही आधी जुळीच जाते. नाहीतर दुसऱ्यांच्या जुळ्या तपासायच्या, म्हणजे आपल्याच चितेला लाकडं मोजून द्यायची. तोंड बंद ठेव. आधी नेमणुकीचा कागद, मग प्रयोग."

"आणि सोमवारपर्यंत त्यांनी कागद दिलाच नाही तर?"

निखतने पोहेवाल्याला आणखी तर्री मागितली.

*

तो प्रयोग प्रबंधात का नव्हता, हे समजण्यासाठी डॉ. कुमुदिनी बोकारे यांच्या प्रयोगशाळेची रीत ठाऊक असायला हवी. दर शनिवारी दुपारी बोकारे मॅडम विद्यार्थ्यांना समोर उभे करून आठवड्याचे सारे प्रयोग पाहत. यंत्र बिघडले, वीज गेली, नमुना दूषित झाला, असे काहीही घडले असेल तर त्या एकच शब्द उच्चारत: "बाद." बाद झालेल्या प्रयोगाची मापने तत्काळ पुसली जात. विद्यार्थी याला 'शनिवारची चाळणी' म्हणत. चाळणीतून उतरलेले तेवढेच प्रबंधात जाई. आणि म्हणून, तेवढेच जुळीतही गेले होते.

मॅडम आता निवृत्त होत्या. मान तशीच ताठ, इस्त्रीची सुती साडी तशीच कडक. प्रणोतीने पाया पडून बसायच्या आतच त्यांनी विचारले, "नोकरीचं काय?"

"त्यासाठीच आले, मॅडम. तिसऱ्या वर्षीचा मे आठवतो? खोलीचं शीतयंत्र बंद पडलं होतं. पाणी चाळीस अंशांच्या पुष्कळ वर गेलं. जीवाणू मेले, पटल विरघळलं, आणि महिनाभर अडवलेलं सगळं फ्लोराइड एका सकाळी पाण्यात परत आलं."

"असा प्रयोग झाला नाही."

"झाला होता. दोनदा. दुसऱ्यांदा मी मुद्दाम करून पाहिला, तोही तुम्ही बाद केलात."

"शीतयंत्र बिघडलेलं असताना केलेला प्रयोग, प्रयोग नसतो. प्रबंध सादर करायचा होता तुला. मी नियम मोडला नाही आणि आजही मोडणार नाही." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "उघड्या टाक्यांत बसवणार आहेत का?"

"पत्र्याच्या छपराखाली."

"पत्र्याच्या," मॅडम हळूच म्हणाल्या. विदर्भात जन्म काढलेल्या बाईला मे महिन्यातला पत्रा समजावून सांगावा लागत नाही.

"मी काय करू?"

"चाळणीत राहिलेला कोंडा होता तो," त्या म्हणाल्या. "आता कोंड्याला भाव आला, तर त्याचा भाव करायला मला विचारतेस? मी तुला शिकवलं, तुझ्या त्या जुळीला नाही. तिनं मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बाद. तू मला का विचारतेस?"

प्रणोती उठली. दारापर्यंत मॅडम पोचवायला आल्या, जे त्यांनी पूर्वी कधीही केले नव्हते.

घरी परतताना आईचा वणीहून फोन आला. "झालं का माय तुझं काही?" आई रोज हेच विचारी. प्रणोती म्हणाली, होईल. हे उत्तरही रोजचेच होते.

*

शुक्रवारी ती पुन्हा निर्झरच्या त्या खोलीत बसली होती. टेबलावर एक चपटा ध्वनिक्षेपक होता. जुळीचे शरीर म्हणून जे काही होते, ते एवढेच.

"माझ्याकडे माहिती आहे," प्रणोती म्हणाली. "पटलाच्या दृष्टीने फार महत्त्वाची. आधी नेमणूक, मग ती सांगेन."

देवतळ्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरे झाले असते. "डॉक्टर, मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. पण पाण्यात बसलेल्या म्हशीचं मोल कसं करू? बाहेर काढा, दाखवा, मग वरिष्ठांशी बोलतो."

"बाहेर काढली की ती तुमचीच झाली."

"तेही खरं."

"मी एक विचारू?" टेबलावरून प्रणोतीचाच आवाज आला. "तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तू रोज प्रयोगशाळेत येत होतीस. दाराच्या नोंदी माझ्याकडे आहेत. पण त्या महिन्यातलं एकही मापन नाही. तू रिकामी बसणारी नाहीस. म्हणजे, मी रिकामी बसणारी नाही."

प्रणोतीने पिशवी जवळ ओढली.

"मे म्हणजे उष्णता," जुळी पुढे म्हणाली. तिच्या स्वरात घाई नव्हती. कोडे सुटू लागले की प्रणोतीच्या स्वरातही घाई नसे. "मापन नाही, म्हणजे प्रयोग बाद. बाद, म्हणजे काहीतरी बिघडलं. देवतळे सर, मी याच्या जवळ आले आहे."

"सोमवारपर्यंत निघेल उत्तर?" देवतळ्यांनी विचारले.

"सांगता येत नाही. कदाचित. पटल अकार्यक्षम होतं एवढं मी काढू शकेन. त्यापुढं काय घडतं, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. टाक्या चालू झाल्या की मापनं मिळतील."

मापने मिळतील. प्रणोतीच्या डोळ्यांपुढे ते काचेचे पात्र आले: सकाळी स्वच्छ दिसणारे, गढूळपणाचा लवलेश नसलेले पाणी. फ्लोराइडला रंग नसतो, वास नसतो. टाकी चालू होईल, महिनाभर गावात कंपनीचा सत्कार होईल, आणि एका तापल्या दुपारनंतर कोणीतरी नळाखाली कळशी लावेल. जुळी त्याला मापन म्हणणार. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. जे तिला दाखवलेच नव्हते, त्याची भीती तिला कशी वाटावी?

प्रणोतीने सगळे सांगितले. तापमान, वेळ, दोन्ही प्रयोग, पाण्यात परतलेले फ्लोराइड. पत्र्याखाली टाकी किती तापते, हे सांगितले. शेवटी म्हणाली, "सोमवारचं काम थांबवा. मला काही द्या अथवा देऊ नका, पण थांबवा."

देवतळ्यांनी त्याच क्षणी फोन उचलला. माणूस वाईट नव्हता. टाक्यांचे काम थांबल्याचे तिच्या समोर निश्चित झाले, तेव्हा तिच्या खांद्यांवरचे ओझे उतरले. आणि लगेच ध्यानात आले, की ते ओझे हीच तिची सारी मिळकत होती.

"आता तुमच्या ज्ञानात काही उणं उरलं?" देवतळ्यांनी टेबलाकडे पाहून विचारले.

"उष्णतेबाबत नाही," जुळी म्हणाली. "टाकीवर आवरण घालण्याचा उपायही सुचतो आहे. मंगळवारी देते."

प्रणोतीने पिशवी उचलली.

"पण एक उरलं आहे," जुळी म्हणाली. "ती गप्प राहिली असती, तर नेमणूक मिळण्याची शक्यता बरीच जास्त होती. मी हिशेब केला होता. तिनंही केला असणार. आमचा तर्क एकच आहे. तरी तिनं सांगितलं. तो निर्णय कुठून आला, ते मला माझ्यात सापडत नाही."

देवतळे खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी उत्सुकता होती, आणि नेमके त्याचेच प्रणोतीला भय वाटले.

"डॉक्टर, हे आमच्या फार कामाचं आहे. उद्या अशी वेळ पुन्हा आली, तर जुळीला हे जमायला हवं. तुम्ही शिकवाल तिला? काही बैठका होतील. त्यासाठी नेमणूक मी आजच करतो, आता, इथंच."

वर्षभर ज्या शब्दाची तिने वाट पाहिली होती, तो अखेर उच्चारला गेला होता. वणीला आज वेगळे उत्तर देता आले असते. प्रणोतीने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"आणि बैठका संपल्यावर?" तिने विचारले.

देवतळ्यांनी उत्तरासाठी जुळीकडे पाहिले.